कुंदाबाईंचा बारावा फोटो

न्युरेम्बर्गच्या लांगवासर भागात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुंदा पाटणकर या बाईंनी उत्तरेकडचं जग प्रत्यक्ष बघण्याआधी तेरा वर्षं दुसऱ्यांच्या फोटोंत बघितलं होतं, आणि तेही बहुतेक वेळा मागच्या बाजूने. हे कसं, ते आधी सांगायला हवं.

१९९२ साली पद्माकर पाटणकरांना इथल्या एका कारखान्यात इंजिनियरची नोकरी लागली आणि त्यांच्या पाठोपाठ कुंदाबाई इचलकरंजीहून आल्या. हाताशी बी.एस्सी. होती, पण तिला इथे कुत्रं विचारत नव्हतं. चार वर्षं जर्मन शिकण्यात आणि लेकीला वाढवण्यात गेली. मग शहराबाहेरच्या एका मोठ्या फोटो लॅबमध्ये त्यांना काम मिळालं. गावोगावच्या दुकानांतून रोल येत, मशीनवर त्यांचे फोटो निघत, आणि पाकिटात जाण्याआधी ते कुंदाबाईंच्या डोळ्यांखालून सरकत. तासाला हजारभर. काळपट, पिवळट, कोणाच्या अंगठ्याने अर्धा झाकलेला, सगळं बघायचं आणि सुधारण्यासारखं असेल ते सुधारायचं. मशीनला बर्फ कळत नसे. पांढरं जास्त दिसलं की ते सगळंच राखाडी करून ठेवी. मग कुंदाबाई दोनदा बटण दाबून लोकांचा बर्फ पांढरा करून देत.

ऑगस्ट संपत आला की उत्तरेचे रोल सुरू होत. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड. तळी, बर्चची झाडं, लाल लाकडी घरं आणि रेनडियरची ढुंगणं. हो, ढुंगणंच. तेरा वर्षांत कुंदाबाईंनी हजारो रेनडियर बघितले असतील, पण तोंड दिसेल असे मोजून वीस-पंचवीस. माणसं जनावर दिसल्यावर कॅमेरा उचलतात आणि तोवर जनावर वळलेलं असतं. त्यात फोटो रेल्वेच्या खिडकीतून काढलेला असेल तर रेनडियरच्या पाठीवर काढणाऱ्याचं स्वतःचं नाकही हमखास उमटलेलं असे. कुंदाबाई मनात म्हणायच्या, मी कधी गेले तर असला आचरटपणा करणार नाही.

लॅबमध्ये एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईने तो सांगितला होता. बघायचं आणि विसरायचं. एकदा कुंदाबाईंच्या समोर त्यांच्याच जिन्यातल्या शेजारणीचे फोटो आले. हॉस्पिटलची खोली, डोक्यावर एक केस नाही, आणि आरशासमोर उभं राहून तिने स्वतःच काढलेला चेहरा. दुसऱ्या दिवशी ती जिन्यात भेटली, डोक्यावर छान विग घालून. कुंदाबाईंनी रोजच्यासारखं 'गुटन मॉर्गन' म्हटलं आणि कचऱ्याचा डबा घेऊन खाली गेल्या. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितली नाही, आणि याचा त्यांना बटण दाबण्याच्या कौशल्यापेक्षा जास्त अभिमान होता.

२००९ मध्ये लॅब बंद पडली. पुढची वर्षं त्यांनी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. पण लॅबची एक गोष्ट मनात अडकून राहिली. लाखो फोटो हाताखालून गेले, त्यातले कितीतरी लोकांच्या दिवाणखान्यांत लागले, आणि एकाही फोटोखाली त्यांचं नाव नव्हतं. असण्याचं कारणही नव्हतं, हे त्यांना कळत होतं. तरी एकदा एक फोटो भिंतीवर लागावा आणि त्याखाली 'कुंदा पाटणकर' असं लिहिलेलं असावं, अशी त्यांची इच्छा होती. ती इच्छा चांगली हट्टी होती.

म्हणून निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी वस्तीतल्या फोटोक्लबात नाव घातलं. क्लबचे अध्यक्ष हेर, म्हणजे श्रीयुत, झ्योल्नर, गणिताचे निवृत्त शिक्षक. सरळ माणूस, पण फोटोलाही गणितासारखे गुण द्यायचा. दर वर्षी ग्रंथालयात क्लबचं प्रदर्शन भरे. पहिल्या वर्षी कुंदाबाईंचे फोटो नाकारले गेले, दुसऱ्या वर्षीही नाकारले गेले, आणि त्यांचे समोसे मात्र दोन्ही वर्षी एकमताने मंजूर झाले. कुंदाबाईंच्या घरी समोसा कधी केलाच जात नव्हता. त्यांनी पहिल्या खेपेला बटाटेवडे नेले होते. तेव्हा मंडळींनी 'हे गोल समोसे का?' असं विचारल्यावर त्यांनी वाद न घालता पुढच्या खेपेपासून त्रिकोणी करून न्यायला सुरुवात केली. आता क्लबात त्यांची ओळख 'समोसेवाल्या फ्राऊ पाटणकर' अशी झाली होती. हे त्यांना झोंबत होतं.

गेल्या वर्षी प्रदर्शनाचा विषय ठरला 'एक प्रवास'. प्रत्येकाने बारा फोटो द्यायचे, सहा जणांचे लागणार. कुंदाबाईंनी हात वर करून सांगितलं, "मी स्वीडनच्या उत्तरेतल्या रेल्वेचा प्रवास करणार आहे. सगळे फोटो खिडकीतून."

झ्योल्नर साहेबांनी मान हलवली. "फ्राऊ पाटणकर, काचेतून काढलेला फोटो म्हणजे काचेचा फोटो. आपल्याकडे रिफ्लेक्शनला गुण कापतात. तुम्ही उतरा, रुळाजवळ उभ्या राहा."

"उतरले तर तो प्रवास कसला? ते उभं राहणं झालं," कुंदाबाई म्हणाल्या. लोक हसले. कुंदाबाई हसल्या नाहीत, कारण काचेचं काय करायचं ते त्यांना लॅबमधल्या तेरा वर्षांत कळून चुकलं होतं.

जुलैत नवराबायको निघाले. ऑस्टरसुंडपासून येलिवारेपर्यंत, जवळजवळ साडेसातशे किलोमीटर, चौदा तास, आणि गाडीला डबा एकच. त्या डब्यात शिरल्याबरोबर कुंदाबाईंनी खिडकीची जागा धरली आणि पिशवीतून काळा सुती परकर काढला. पद्माकररावांनी डोळे मिटून घेतले. कुंदाबाईंनी परकराचा कमरेचा भाग कॅमेऱ्याच्या भिंगाभोवती नाडीने आवळून बांधला आणि घेराचा भाग खिडकीच्या काचेवर पसरून बाथरूममधल्या टॉवेलच्या चार रबरी हुकांनी चिकटवला. आत मिट्ट काळोख. काचेत ना नाक, ना समोरच्याचा जेवणाचा डबा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर फक्त बाहेरचं जंगल, स्वच्छ.

"अगं, लोक बघतायत," पद्माकरराव पुटपुटले.

"बघू दे. त्यांना काय माहीत हा परकर आहे ते."

"मला माहीत आहे ना."

"अहो, तुम्ही पुढे ड्रायव्हरच्या काचेपाशी जाऊन उभे राहा. काही दिसलं की डावीकडे किंवा उजवीकडे, एवढंच ओरडायचं. 'अरे बघ बघ' करायचं नाही."

पद्माकररावांनी आयुष्यभर यंत्रांचं कंपन मोजलं होतं. काम नेमून दिलं की त्यांची लाज पळते, हे बायकोला ठाऊक होतं. पहिले दोन तास ते तरीही 'अरे बघ बघ'च म्हणत होते, आणि कुंदाबाई 'कुठे, ते सांगा' म्हणून ओरडत होत्या. मग जमलं. गाडी किती वेगात आहे, वळण कुठे संपतं, याचा हिशेब करून ते जनावर खिडकीसमोर येण्याच्या आधी बरोबर हाक देऊ लागले. "उजवीकडे, पाच सेकंद." आणि पाचव्या सेकंदाला दलदलीतल्या पिवळ्या गवतात उभा असलेला रेनडियर कुंदाबाईंच्या पडद्यावर आला, थेट तोंडाने. नाकावरची लव दिसत होती. त्यांनी बटण दाबलं आणि मोठ्याने हसल्या. तेरा वर्षांची उधारी फिटल्यासारखं त्यांना वाटलं.

दुपारपर्यंत अकरा फोटो झाले. तळ्यात उलटी पडलेली झाडं. मैलोन् मैल माणसाचा मागमूस नसलेलं रान, आणि त्यात मध्येच एक निळी होडी, उपडी करून ठेवलेली. दूरच्या डोंगरावर उरलेला बर्फाचा पट्टा, ज्याचा रंग इथे बटण न दाबताच पांढरा होता. गाडीवरच्या देखरेखीच्या मुलीने दोनदा येऊन परकर निरखला आणि असं उपकरण कुठे विकत मिळतं ते विचारलं. कुंदाबाईंनी सांगितलं, पुण्यात, लक्ष्मी रोडवर.

मग गाडी एका थांब्यावर थांबली. थांबा म्हणजे एक लाकडी शेड आणि फलाटाचा तुकडा. तिथे पिवळा रेनकोट घातलेली, सत्तरीच्या घरातली एक बाई उभी होती. देखरेखीच्या मुलीने तिच्या हातात एक छोटं पार्सल दिलं. बाईने ते तिथेच फोडलं. आत चष्म्याचं घर होतं. तिने चष्मा घातला, इकडेतिकडे बघितलं, आणि सरळ कुंदाबाईंच्या खिडकीकडे चालत आली.

कुंदाबाईंना क्षणभर वाटलं, ती आपल्याला काही विचारायला येते आहे. पण ती काचेपासून वीतभर अंतरावर थांबली आणि तिने डोक्यावरचा रुमाल मागे सारला. तेव्हा उलगडा झाला. बाहेर लख्ख ऊन आणि काचेमागे काळा परकर. पाठीमागे काळं लावलं की काचेचा आरसा होतो, एवढी साधी गोष्ट बी.एस्सी. झालेल्या बाईच्या लक्षात आली नव्हती. ती बाई नव्या चष्म्यातून स्वतःला बघत होती.

आधी ती दचकली. हनुवटी वर केली, मान वळवली, गालाची सुरकुती बोटाने ओढून सोडून दिली. मग हात खाली घेतले आणि नुसती बघत राहिली. हळूहळू तिचा चेहरा निवला. जे दिसलं ते तिने मान्य केलं, आणि एका बाजूने थोडीशी हसली. कुंदाबाईंचं बोट डोक्याला न विचारता दाबलं गेलं. गाडीच्या घरघरीत बाहेर काही ऐकू गेलं नाही. बाई वळून चालायला लागली. रिकामा फलाट समोर राहिला. त्याचाही एक फोटो हातासरशी निघाला, आणि गाडी सुटली.

कुंदाबाईंनी पडद्यावर फोटो बघितला. एवढा चांगला फोटो त्यांनी आजवर कधी काढला नव्हता, आणि लॅबमधल्या लाखोंतही फार थोडे असे होते. आनंद झाला आणि त्याच क्षणी शरमही वाटली. पद्माकरराव मागे येऊन वाकून बघत होते. "कुंदा," ते म्हणाले, "लागलं तुझं नाव भिंतीवर."

"तिला विचारलं नाही मी."

"आता कुठे विचारणार? गाडी निघाली."

घरी आल्यावर हा विषय संपेना. क्लबचा नियम होता की चेहरा ओळखू येत असेल तर त्या माणसाच्या सहीचा संमतीचा कागद फोटोबरोबर जोडायचा. डार्मश्टाटला नोकरी करणाऱ्या लेकीने, शमिकाने, फोनवर जर्मनमध्येच बजावलं की सहीशिवाय अजिबात जमणार नाही. मग कुंदाबाईंनी तिच्याकडूनच इंग्रजीत एक पत्र लिहून घेतलं. काय झालं, परकर कसा होता, आरसा कसा झाला, सगळं खरं खरं. फोटो मोठा छापून घेतला, सुधारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. संमतीचा कागद आणि परतीचा पत्ता घालून पाकीट त्या रेल्वेच्या कचेरीकडे पाठवलं, 'पिवळ्या रेनकोटच्या, नवा चष्मा आलेल्या बाईंसाठी' असं म्हणून, थांब्याचं नाव नकाशावरून उतरवून.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. उत्तर नाही. निवडीचा शनिवार आठ दिवसांवर आला तेव्हा पद्माकररावांनी संमतीचा कोरा कागद टेबलावर ठेवला आणि वर पेन ठेवलं.

"एक रेघोटी ओढायची आहे," ते म्हणाले. "स्वीडिश सही कशी असते हे झ्योल्नरला कुठे माहीत आहे? आणि ती बाई कधी न्युरेम्बर्गच्या ग्रंथालयात येणार आहे? नको असतं तर तिने नाही म्हणून कळवलं नसतं का?"

"उत्तर आलं नाही म्हणजे ती हो म्हणाली असं होत नाही, अहो."

"तीन वर्षं झाली कुंदा. समोसे तळून तळून हात गेले तुझे."

कुंदाबाईंनी कागद पुढे ओढला. पेन हातात घेतलंही. त्यांना तो फोटो भिंतीवर दिसत होता, खाली नाव दिसत होतं, आणि झ्योल्नर साहेबांचं गप्प झालेलं तोंड तर फारच छान दिसत होतं. पण मग त्यांना जिन्यातली शेजारीण आठवली. आरशात बघतानाचा चेहरा माणूस कोणाला दाखवत नाही. तो त्याचा स्वतःचा असतो. त्यांनी कागद दुमडून ड्रॉवरमध्ये टाकला आणि बारावा फोटो म्हणून रिकाम्या फलाटाचा फोटो पाकिटात घातला. मनातून फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी नवऱ्याला सांगितलंही.

शनिवारी दुपारी क्लबच्या हॉलमध्ये त्या नुसते फोटो घेऊन गेल्या. "आज समोसे नाहीत?" कोणीतरी विचारलं. "नाही, आज फोटो आणलेत," कुंदाबाई म्हणाल्या.

निवडीची पद्धत अशी होती की फोटो नाव न सांगता लावायचे, इतरांनी चर्चा करायची, आणि ज्याचे असतील त्याने गुण देऊन होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुंदाबाईंचे बारा फोटो टेबलावर मांडले गेले. मंडळी वाकून बघायला लागली. झ्योल्नर साहेब चष्मा कपाळावर सरकवून एकेका फोटोवरून नाक फिरवत गेले.

"आल्झो, तर मग," ते म्हणाले, "एकही रिफ्लेक्शन नाही. हे कसं केलं ते मला कळत नाही. आणि हा रेनडियर. असा रेनडियर मी कोणाच्या फोटोत बघितला नाही." कुंदाबाई जमिनीकडे बघत होत्या, पण कान तापले होते. "पण सबंध प्रवासात एकही माणूस नाही. आणि हा बारावा बघा. रिकामा फलाट. इथे कोणीतरी असायला हवं होतं. कोणीतरी आत्ताच निघून गेल्यासारखं वाटतं, आणि फोटो काढणाऱ्याला उशीर झाला."

मागच्या रांगेत पाहुणे म्हणून बसलेले पद्माकरराव जोरात खोकले. मग पुन्हा खोकले. त्या बाईचा फोटो कुंदाबाईंच्या फोनमध्ये होता, फोन मांडीवर होता. नुसता वर धरला असता तरी झ्योल्नर साहेबांचं वाक्य तिथेच थांबलं असतं. कुंदाबाईंनी फोन उलटा करून ठेवला आणि मान वर केली.

सहा जणांचे फोटो निवडले गेले. कुंदाबाई दोन गुणांनी हुकून सातव्या आल्या. नावं जाहीर झाल्यावर झ्योल्नर साहेब स्वतः उठून आले, हात हातात घेतला आणि म्हणाले, "फ्राऊ पाटणकर, काचेबद्दल माझं चुकलं. पुढच्या महिन्यात ते आम्हाला शिकवा." कुंदाबाई "गेनाऊ", म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणाल्या, आणि प्रत्येकाने घरून एक काळं कापड आणावं असंही सांगून टाकलं. घरी येताना मात्र त्या फोटोंचं पाकीट छातीशी धरून चालल्या. पद्माकररावांनी, पहिल्यांदाच, 'मी सांगत होतो' म्हटलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी स्वीडनचा शिक्का असलेलं मोठं पाकीट आलं. आत कुंदाबाईंनी पाठवलेलाच फोटो होता, दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेला, आणि पेन्सिलीने लिहिलेलं इंग्रजी पत्र. कुंदाबाईंना वाटलं, परत पाठवला, म्हणजे रागावली. त्या खुर्चीत बसल्या आणि पद्माकररावांनी पत्र वाचून मराठीत सांगायला सुरुवात केली.

बाईचं नाव ब्रिट होतं. पाकीट तिला सप्टेंबरात मिळालं होतं, पण काय लिहावं हे सुचायला वेळ लागला, असं तिने कळवलं होतं. 'दोन वर्षं मला माझा चेहरा नीट दिसला नव्हता. त्या दिवशी तुमच्या काचेत दिसला, तर ती माझी आई होती. हे लोकांनी कॉफी पिता पिता बघावं असं मला वाटत नाही, म्हणून संमतीच्या कागदावर सही केलेली नाही. तुम्ही विचारलंत, याबद्दल आभार. न विचारता लावला असतात तर मला कधी कळलंही नसतं. माझ्या घरात मात्र तो मी जेवणाच्या टेबलासमोर लावला आहे.'

पद्माकरराव थांबले.

"पुढे?" कुंदाबाई म्हणाल्या.

"'माझे मुलगे आणि शेजारी विचारतात, कोणी काढला. मी म्हणते, गाडीतल्या एका बाईने. पण असा फोटो असला की खाली नाव असायला हवं, आणि ते मी लिहिणं बरोबर नाही. म्हणून भिंतीवरून काढून पाठवते आहे. तुमचं नाव तुमच्या हाताने लिहा आणि लवकर परत पाठवा. भिंत रिकामी दिसते.'"

कुंदाबाईंनी फोटो उचलला. चारही कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती. त्यांनी त्यांवरून बोट फिरवलं, एक एक करत. डोळे भरून आले ते त्यांनी पुसले नाहीत, कारण ओला हात फोटोला लागला असता. मग त्यांनी पद्माकररावांना ड्रॉवरमधलं चांगलं काळं पेन आणायला सांगितलं, टेबल पुसून घेतलं, आणि खालच्या पांढऱ्या पट्टीवर लिहिलं, 'कुंदा पाटणकर, न्युरेम्बर्ग.'